ब्रिटनच्या बागेत फाल्कोनेरी: रोपापेक्षा मातीचा खर्च मोठा

महाराष्ट्रातल्या वाचकांनो, ऑनलाइन जाहिरात कितीही मोहक असो, 'रोडोडेंड्रॉन फाल्कोनेरी' मागवू नका. हे सदाहरित झाड सिक्कीम, भूतान, पूर्व नेपाळमधलं. साधारण 2,700 मीटरच्या वरच्या थंड, ओल्या जंगलातलं. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. पैसे वायाच जातील.

ब्रिटनमध्ये घर आणि बाग असेल तर मात्र जरूर विचार करा. फूटभर लांब पानं, खाली तांबूस लव, एप्रिल-मेमध्ये पिवळसर फुलांचे घोस. स्कॉटलंडचा पश्चिम किनारा आणि कॉर्नवॉल इथे ते उत्तम वाढतं. आधी मोठं झाड बघून या: एडिनबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या बागेत प्रवेश मोफत, डुनूनजवळच्या बेनमोर बागेत तिकीट लागतं.

लहान रोप साधारण 30 ते 60 पौंडांना मिळतं. कुरिअर वेगळं, ते आधी विचारा. खरा खर्च मातीचा. पीएच 4.5 ते 5.5 हवा. तपासणीचा संच दहा पौंडांच्या आत येतो. रोपाआधी तो घ्या. माती चुनखडीची निघाली तर आम्लधर्मी कंपोस्टच्या पिशव्या दरवर्षी आणत बसाल आणि तरी पानं पिवळी पडतील. लंडनचं नळाचं पाणी जड, म्हणून पावसाचं पाणी साठवायला पिंपही घ्यावं लागेल.

खरेदी करताना दोन प्रश्न विचाराच. रोप स्वतःच्या मुळांवर आहे की कलमी? कलम रोडोडेंड्रॉन पॉन्टिकमच्या खुंटावर असेल तर खालून फुटणारे धुमारे कायम काढावे लागतात, नाहीतर ते धुमारेच झाडाला गिळतात. आणि बी कुठलं? बागेतल्या झाडाचं बी बहुधा संकरित निघतं. ऑनलाइन मागवलेल्या रोपासोबत 'प्लांट पासपोर्ट' (वनस्पती-आरोग्याचं लेबल) असायलाच हवा. सिक्कीमहून सामानात रोप किंवा बी आणण्याचा विचार सोडा: वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते विमानतळावरच जप्त होऊ शकतं.

लावणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात किंवा मार्चमध्ये. खड्डा रुंद, उथळ. मुळं खोल पुरू नका. वर पानांच्या कुजलेल्या खताचा थर. वाऱ्यापासून आडोसा आणि विरळ सावली हवीच, नाहीतर एवढी मोठी पानं फाटतात. झाड घरापेक्षाही उंच होऊ शकतं, म्हणून भिंतीलगत लावू नका. बियांपासून फुलायला पंधरा-वीस वर्षं सहज लागतात. भाड्याच्या घरात हा खर्च करूच नका.

पानं, फुलं, मध, सगळं विषारी आहे. लहान मुलं किंवा कुत्रा असेल तर आधी कुंपण घाला, मग रोप आणा.