पोटगी, वॉरंट आणि महिनाभराची कैद

कौटुंबिक न्यायालयात मी वकिली करते, बहुतेक वेळा पोटगी मागणाऱ्या बायकांच्या बाजूनं. थकबाकीच्या प्रकरणांनी शिकवलेलं थोडं इथे लिहिते.

१. "नवऱ्याला आत टाका" म्हणत येणाऱ्या बाईला पहिल्याच भेटीत सांगावं, की छळाची फिर्याद या कोर्टात चालत नाही. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ७(२)नं इथल्या न्यायाधीशांना प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार दिले, ते पोटगीपुरते. तेव्हाचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४.

२. पोटगी थकवली तर हे कोर्टही महिन्यापर्यंत कैद देऊ शकतं, पण कैदेनं थकबाकी फिटत नाही. कुलदीप कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८९मध्येच सांगितलं, की कैद हा वसुलीसाठी दबाव टाकण्याचा मार्ग आहे, फेड नव्हे. आत जाऊन आला तरी रक्कम देणं लागतंच. पण रोजंदारीवरचा माणूस महिनाभर आत बसला की त्याचं काम जातं, आणि पुढल्या तारखेला माझ्या अशिलाच्या हाती तेवढंही पडत नाही. पोराची फी तशीच थकलेली. हे मी फार वेळा पाहिलंय, आणि त्याचा मला संताप येतो.

३. कायद्यातला क्रम सरळ आहे: आधी दंडाप्रमाणे वसुलीचं वॉरंट, म्हणजे सामानाची जप्ती किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलासारखी वसुली, तरीही बाकी राहिली तरच कैद. अर्ज मात्र थेट अटकेचे पडतात. मी अर्जासोबत पगाराची स्लिप, सातबारा, बँक खात्याचा तपशील जोडते. २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही पक्षांना मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते नीट वाचलं तर वसुलीची निम्मी वाट तिथेच सापडते.

४. थकबाकी देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज हवा. मुदत टळू देऊ नये.

५. संसदेनं कैदेचा हा अधिकार कायद्यानंच आवळावा, असं माझं ठाम मत आहे. पगारातून थेट कपात आधी व्हावी. माणसाकडे खरंच पैसे नाहीत की तो लपवतोय, याची लेखी चौकशी झाल्याशिवाय कैदेचा हुकूम निघू नये. लपवणाऱ्याला सूट नकोच. आणि कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १३ बदलावं. या कोर्टात पक्षकाराला वकील हक्कानं मिळत नाही, न्यायाधीशांची परवानगी लागते. जिथे माणसाला महिनाभर डांबता येतं, तिथे निदान कैदेच्या अर्जावर तरी दोन्ही बाजूंना वकील हक्कानं मिळालाच पाहिजे.