अन्न आणि मन

मन अन्नाच्या आधाराने राहते, हा विचार आपल्या परंपरेत फार प्राचीन आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात याविषयी एक बोधप्रद कथा आहे. उद्दालक आरुणींनी आपला पुत्र श्वेतकेतू यास पंधरा दिवस अन्न वर्ज्य करून केवळ पाण्यावर राहण्यास सांगितले. त्यानंतर वेदमंत्र म्हणावयास सांगितले असता, बारा वर्षे अध्ययन केलेल्या श्वेतकेतूस काहीच आठवेना. पित्याच्या आज्ञेने तो भोजन करून आला आणि विचारलेले सर्व त्याला स्मरले. विद्या नष्ट झालेली नव्हती. मनाला अन्नाचे बळ उरले नव्हते.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. सहाव्या अध्यायानुसार अति खाणाऱ्यास योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही.

आधुनिक विज्ञानही याच दिशेने विचार करीत आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते; परंतु शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो वापरतो. ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या ६७ रुग्णांवर केलेला १२ आठवड्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. भाज्या, फळे, कडधान्ये व अख्खी धान्ये यांवर भर देणाऱ्या आहाराचे मार्गदर्शन लाभलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के रुग्णांचे नैराश्य दूर झाले. केवळ संवादाचा आधार मिळालेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. अभ्यास लहान होता आणि त्यातील बहुतेकांचे अन्य उपचारही चालूच होते. म्हणजेच आहार उपचारांना साहाय्य करतो, त्यांची जागा घेत नाही.

उपवासाचे व्रत करताना भाविकांनी हा विवेक ठेवावा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असे होऊ नये आणि देहाला क्लेशही होऊ नयेत. साबुदाण्यात मुख्यत्वे पिष्ट असते. त्यापेक्षा राजगिरा, दूध, शेंगदाणे व फळे यांचा अल्पाहार हितकर. रिकाम्या पोटी वारंवार चहा टाळावा व पाणी पुरेसे प्यावे. वृद्ध, गर्भवती व मधुमेही यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच उपवास करावा. मनोविकारावरील औषधे व्रतासाठी स्वतःहून कदापि थांबवू नयेत. औषध घेतल्याने व्रतास बाध येत नाही.

प्रसन्न चित्ताने घडलेले दर्शन हीच यात्रेची खरी फलश्रुती होय.