गळकं छत: दुरुस्ती हिवाळ्यातच करा



सध्या आपल्या कुंभार पिंपळगाव भागात घरोघरी कापूस भरून ठेवलाय, तूर यायची आहे. अशा वेळी छताकडं कोण बघतं? "पाऊस गेला, आता जूनमध्ये बघू," असं आपण म्हणतो. पण नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी मराठवाड्यात अवकाळी झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यात गारपीट झाली. जूनची वाट कुणीच पाहिली नाही.

माझी एक चूक सांगते. मागच्या हिवाळ्यात एका गटात एका ताईंनी पत्र्याच्या दुरुस्तीसाठी कर्ज मागितलं. "शेळी घे, शिलाई मशीन घे. पत्र्यातून काय कमाई?" असं बाकीच्या म्हणाल्या, आणि मीही गप्प बसले. पावसाळ्यात त्यांची दोन पोती ज्वारी भिजली. गटाचं दप्तर त्यांच्याच पेटीत होतं, तेही भिजलं. म्हणून आज हा पाठ.

१. आधी गळती शोधा

पाणी टपकतं एकीकडे आणि शिरतं दुसरीकडे. ते वासा किंवा अँगल धरून पुढं येतं. म्हणून डाग दिसला की त्याच्या वरच्या बाजूला, चढाकडं बघा.

पत्र्याचं घर असेल तर भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत उभ्या राहा. जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथं खडूनं खूण करा. मग एकीनं वरून कळशीनं पाणी ओतायचं, दुसरीनं आत बघायचं. सुरुवात खालच्या कडेपासून करा आणि हळूहळू वर जा.

२. छत कोणतं, तशी दुरुस्ती

*पत्रा:* गळती बहुतेक वेळा खिळ्याच्या भोकातून होते. बोल्ट नेहमी पत्र्याच्या उंच भागावर हवा, कारण खोलगट भागातून पाणी वाहतं. रबरी वायसर वाळून चिरला असेल तर बदला. पत्र्यावर पत्रा किमान अर्धा फूट चढलेला हवा. छोटं भोक गंज घासून, कोरडं करून एम-सीलनं बुजवा. पत्र्यावर दगड ठेवू नका, त्याखाली ओल राहून गंज धरतो.

*सिमेंटचा पत्रा:* यावर पाय देऊ नका, तो एकदम मोडतो. जुन्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे, म्हणून कापू-घासू नका.

*स्लॅब:* भेग नुसती वरून लिंपू नका. थोडी खोदून, धुऊन, वॉटरप्रूफिंगचं औषध घातलेल्या सिमेंट-वाळूनं भरा आणि सात दिवस पाणी मारा. मे महिन्याच्या उन्हात हे काम लवकर वाळून पुन्हा तडकतं, हिवाळ्यात नीट मुरतं. पाणी जायचा पाइप मोकळा करा.

*माळवद:* गवत मुळासकट काढा, मुळांच्या वाटेनं पाणी उतरतं. खड्डे भरून उतार नीट करा. पांढरी माती आत्ताच आणून झाकून ठेवा.

३. जीव आधी

सकाळी दहिवरानं पत्रा निसरडा असतो, ऊन पडल्यावरच चढा. घरचं मेन बटण बंद करा. शिडी धरायला खाली एकजण हवीच. पाय बोल्टच्या रांगेवर ठेवा, तिथं खाली आधार असतो.

४. पैशाचं गणित

समजा, गटातून ५,००० रुपये घेतले. व्याज महिना शेकडा दोन, दरमहा मुद्दल १,०००. पाच महिन्यांचं व्याज १०० + ८० + ६० + ४० + २० = ३०० रुपये, आणि तेही आपल्याच गटात राहतं. एक पोतं धान्य भिजलं तर नुकसान किती, ते तुम्हीच मांडा.

मिस्त्रीला सगळे पैसे आधी देऊ नका. काम झाल्यावर पाणी ओतून बघा, मगच उरलेले द्या.

पुढच्या बैठकीसाठी काम

प्रत्येकीनं आपलं छत बघून यायचं: कोणतं आहे, कुठं गळतं, खर्च किती. तीन-चार घरांचं काम एकत्र निघालं तर मिस्त्रीशी भाव करता येतो. गटाचं दप्तर कुणाच्या घरी आहे, ते छत सगळ्यात आधी बघा. आणि घर दुरुस्तीसाठी कर्ज मागायला कुणी लाजू नका. यावेळी मी गप्प बसणार नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक