महाभियोगाची बातमी आली? चला, तपासूया

पेपरात ‘न्यायमूर्तींवर महाभियोग आणणार’ असा मथळा दिसला की लगेच घाबरू नका आणि टाळ्याही वाजवू नका. चहा बाजूला ठेवा आणि टेबल पुसून घ्या. अर्ध्या तासात बातमी तपासून होईल आणि पत्रही लिहून होईल.

साहित्य: आजचा पेपर, लाल आणि निळी पेन्सिल, कोरा कागद, पाकीट, टपाल तिकीट.

कृती

1. न्यायाधीश कोणत्या कोर्टाचे ते कागदावर लिहा. सोलापूर जिल्हा न्यायालयाचे असतील तर इथंच थांबा. त्यांच्यावर नियंत्रण मुंबई उच्च न्यायालयाचं, तिथं महाभियोग येत नाही. सांभाळा: 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला बसणारे सर्किट बेंचचे न्यायमूर्ती उच्च न्यायालयाचेच आहेत.

2. इशारा कोणी दिला ते नाव अधोरेखित करा. खासदार असतील तर पुढं चला. आमदार असतील तर तो इशारा पोकळ समजा. न्यायमूर्तींच्या न्यायदानातल्या वर्तनावर विधिमंडळात चर्चा करायलाही घटनेच्या कलम 211 नं मनाई आहे.

3. आरोपाचं वाक्य शोधून रंगवा. लाच, पैसा, गैरवर्तन असेल तर लाल. ‘निकाल चुकीचा दिला’ एवढंच असेल तर निळं. बहुतेकांची गल्लत इथंच होते. घटनेत न्यायमूर्तींना पदावरून हटवायची कारणं दोनच आहेत: सिद्ध झालेलं गैरवर्तन किंवा अक्षमता. 2015 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाचे न्या. पारडीवाला यांनी निकालपत्रात आरक्षणावर मत लिहिलं, म्हणून राज्यसभेच्या 58 खासदारांनी नोटीस दिली. न्यायमूर्तींनी तो मजकूर काढून टाकला. असं वाक्य निळ्यात जातं.

4. सह्या मोजा. लोकसभेत किमान 100, राज्यसभेत किमान 50 खासदारांच्या लागतात. बातमीत आकडाच नसेल तर समासात ‘नुसती धमकी’ असं लिहा.

5. नोटीस स्वीकारली का ते बघा. तो निर्णय लोकसभा अध्यक्षांचा किंवा राज्यसभेच्या सभापतींचा असतो. नोटीस दिली म्हणजे चौकशी लागली असं धरू नका. सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्धची नोटीस सभापती वेंकय्या नायडू यांनी 23 एप्रिल 2018 रोजी फेटाळली होती.

6. चौकशी समितीची नावं शोधा. तिघं असतात: सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश, एका उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक नामवंत कायदेतज्ज्ञ. त्यांचा अहवाल येईपर्यंत ‘दोषी’ हा शब्द तोंडात आणू नका.

7. मतदानाचे आकडे कागदावर मांडा. दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत, शिवाय मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बाजूनं हवेत. तटस्थ राहिलेले मोजायला विसरू नका. 1993 मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्या वेळी बाजूनं 196, विरोधात शून्य आणि तटस्थ 205 होते, प्रस्ताव पडला.

8. तुमचा मतदारसंघ ओळखा. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरसवाल्यांचे खासदार माढ्याचे, बार्शीकरांचे धाराशिवचे. सोलापूर शहर, अक्कलकोट, मोहोळ, पंढरपूरवाल्यांचे सोलापूरचे. पत्ता चुकला तर पत्र वाया जाईल.

9. खासदारांना पत्र लिहा. वाक्य लाल असेल तर ‘पुरावा असेल तर रीतसर चौकशी होऊ द्या’, निळं असेल तर ‘निकाल पटला नाही तर अपील आहे, अशा नोटिशीवर सही करू नका’. शिवीगाळ नको, पक्षाचं नावही नको.

10. पाकीट पोस्टात टाका. न्यायाधीशांना मात्र पत्र पाठवू नका. चालू खटल्याबद्दल त्यांना लिहिणं हाही दबावच आहे.

उद्या तुमच्या बांधाचा किंवा घराच्या ताब्याचा वाद उच्च न्यायालयात गेला, तर न्यायमूर्तींच्या डोळ्यांसमोर तुमचे कागद असायला हवेत, दिल्लीतल्या सह्या नकोत. म्हणून निळी रेघ दिसली की पत्र त्याच दिवशी टाका.