बोली लागते तो एक दिवस

अकोल्याच्या जुन्या शहरात मी बरीच वर्षं पोरांना क्रिकेट शिकवतोय. आयपीएलचा लिलाव टीव्हीवर लागला की जयहिंद चौकापासून डाबकी रोडपर्यंत तीच चर्चा, आणि मग एखादे वडील पोराला घेऊन येतात: "सर, याले किती भेटतीन?" त्यांना मी आपल्याच वऱ्हाडातल्या तिघांच्या गोष्टी सांगतो. त्यांच्याकडे पाहून मी जे शिकलो, ते असं.

१. बोली लागली म्हणजे मैदान मिळालं, असं नाही. अमरावतीच्या जितेश शर्माने २०१५-१६च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत ३४३ धावा केल्या आणि मुंबई इंडियन्सने त्याला १० लाखांना घेतलं. दोन हंगाम गेले, एकही सामना नाही. आपल्या अकोल्याच्या दर्शन नळकांडेला पंजाबने २०१९च्या हंगामासाठी ३० लाखांना घेतलं. तो तीन हंगाम बाहेरच बसला. वय विशी-बाविशीचं, अंगात ताकद, आणि काम म्हणजे नेटमध्ये दुसऱ्यांना चेंडू टाकणं. या काळात पोरगं घरी फार बोलत नाही. घरच्यांनीही "कधी खेळवतीन?" हे रोज विचारू नये.

२. बसून काढलेल्या वर्षांचा हिशेब रणजी आणि मुश्ताक अलीत होतो. नोव्हेंबर २०२१, दिल्ली, मुश्ताक अलीची उपांत्य फेरी, समोर कर्नाटक. शेवटच्या षटकात दर्शनने चार चेंडूंत चार बळी घेतले. तरी विदर्भ चार धावांनी हरला. पण त्यानंतरच्या लिलावात गुजरात टायटन्सने त्याला घेतलं आणि ८ एप्रिल २०२२ला ब्रेबॉर्नवर तो आयपीएलचा पहिला सामना खेळला. तिथे त्याने लागोपाठच्या दोन चेंडूंवर दोन बळी घेतले, आणि त्यातला पहिला होता, आता पंजाबकडून खेळणारा, जितेश शर्मा! अकोल्याच्या पोराने अमरावतीच्या पोराला बाद केलं, तेही मुंबईत. त्या रात्री मला कोणाची बाजू घ्यावी ते कळेना, दोघंही आपलेच.

३. संघाचं गणित आणि आपली लायकी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. हे मी अथर्व तायडेकडून शिकलो. अकोल्यात जन्मलेला हा डावखुरा. १९ वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात ३२० धावा करून आलेला. एप्रिल २०२३ मध्ये आयपीएलमध्ये पंजाबकडून लखनौविरुद्ध त्याने ३६ चेंडूंत ६६ केल्या. तीन आठवड्यांच्या आत धरमशालेत दिल्लीविरुद्ध ४२ चेंडूंत ५५ वर असताना संघाने त्याला 'रिटायर्ड आउट' करून परत बोलावलं. अर्धशतक झालेल्या फलंदाजाने, कोणी बाद केलेलं नसताना, हातात बॅट घेऊन बाहेर यायचं! धावगतीच्या दृष्टीने निर्णय बरोबर असेलही; पोराच्या मनाला तो लागणारच. अशा वेळी "तुझं काही चुकलं नाही" असं खोटं सांगू नये आणि "तू संपलास" असं तर अजिबात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला इराणी करंडकात त्याच अथर्वने १४३ धावा केल्या. २८३ चेंडू खेळला. विदर्भाने करंडक जिंकला. जो संयम टी-ट्वेंटीत महाग पडला, त्यानेच इथे सामना जिंकून दिला.

४. भाव आणि जागा एकमेकांना विचारून वरखाली होत नाहीत. जितेशचंच पाहा. २०२३ला पंजाबकडून ३०९ धावा, २०२४ला १८७. भारताच्या अंतिम अकरांतली जागाही त्याच वर्षी गेली. आणि उतरत्या हंगामानंतरच्याच लिलावात बंगळुरूने त्याला ११ कोटींना घेतलं. त्याच हिवाळ्यात विदर्भाच्या रणजी संघात मात्र त्याला एकही सामना मिळाला नाही, कारण कर्णधार अक्षय वाडकर स्वतःच यष्टिरक्षक. मग २७ मे २०२५, लखनौ: २२८चा पाठलाग, जितेशच्या ३३ चेंडूंत नाबाद ८५. आठवडाभरात बंगळुरूने पहिलंवहिलं विजेतेपद मिळवलं. तो भारतीय संघात परतला, आणि डिसेंबरमध्ये विश्वचषकाच्या संघातून पुन्हा वगळला गेला. एवढे चढउतार एका माणसाने दोन वर्षांत पचवायचे.

५. म्हणून पोराला दुसरं काम शिकवून ठेवावं. जितेश आधी सलामीला खेळायचा; संघांना शेवटच्या षटकांत मारणारा यष्टिरक्षक हवा होता, त्याने स्वतःला तसं घडवलं. माझ्याकडच्या प्रत्येक सलामीवीराला मी आठवड्यातून एकदा सहाव्या नंबरचा सराव देतो. त्याला ते आवडत नाही.

६. दहावी-बारावी सोडायची नाही. लिलावापर्यंत पोचणारी पोरं मोजकी. बाकीच्यांना खेळाडू म्हणून नोकरीचा अर्ज करायचा तरी मार्कशीट लागतेच. तेव्हा "किती भेटतीन?" विचारणाऱ्या वडिलांना मी आधी पोराची शाळेतली हजेरी विचारतो, मग त्याला पॅड बांधायला सांगतो.