थंडी एकच, मग बाबांना कमी का?

हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर स्काउट-गाइडचा मेळावा भरतो. सकाळी सातला ध्वजवंदन असते. धाकट्या कब-बुलबुलांना पोचवायला आलेले पालकही तेथे थांबलेले असतात. अशा वेळी आपल्या जालन्याकडे हमखास कानांवर पडणारा हा संवाद पाहा :

"काय रे, एवढी थंडी वाजायली का तुला? मला तर काहीच वाटंना."

"पण बाबा, मला खरंच वाजायली!"

"नाटकं करू नको. जरा पळ, म्हणजे जाईल."

यात खरे कोणाचे? दोघांचेही! मैदानावरचा तापमापक दोघांनाही सारखेच तापमान दाखवील. समजा, ११ अंश सेल्सिअस. पण थंडी वाजणे केवळ त्या आकड्यावर अवलंबून नसते. अंगातली उष्णता किती वेगाने बाहेर जाते, यावर ते ठरते.

समजा, बाबांचे वजन ६४ किलो आणि मुलाचे २७ किलो आहे. शरीराची घनता जवळजवळ पाण्याएवढीच असते. म्हणजे त्यांचे घनफळ झाले ६४ लिटर आणि २७ लिटर. आता गंमत म्हणून दोघांनाही घनाकृती ठोकळे माना. बाबांच्या ठोकळ्याची बाजू ४० सेंमी., मुलाच्या ठोकळ्याची ३० सेंमी. दोन्ही ठोकळ्यांना सहा-सहा पृष्ठे. बाबांचे पृष्ठफळ ९,६०० चौ. सेंमी., मुलाचे ५,४०० चौ. सेंमी. वजनाने भागून पाहा : बाबांच्या दर किलोमागे १५० चौ. सेंमी. आणि मुलाच्या दर किलोमागे २०० चौ. सेंमी.! उष्णता साठते घनफळात आणि निसटते पृष्ठभागातून. निसटण्याची वाट मुलाला सव्वापटीहून जास्त रुंद आहे.

माणूस काही ठोकळा नव्हे, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. हातपाय, बोटे, कान धरून खरे पृष्ठफळ बाबांचे सुमारे १.७ चौ. मीटर, तर मुलाचे सुमारे १ चौ. मीटर भरते. हिशेब करून पाहा, तफावत आणखी वाढते.

मग मुले गारठून का जात नाहीत? कारण त्यांची भट्टीही किलोमागे जास्त जोरात पेटलेली असते. जर्मन शास्त्रज्ञ माक्स रुबनर यांनी लहानमोठ्या कुत्र्यांची मोजमापे घेऊन १८८३ मध्ये दाखवले, की विश्रांतीत शरीर निर्माण करीत असलेली उष्णता वजनापेक्षा पृष्ठफळाच्या प्रमाणात असते. मात्र भट्टीला सरपण हवे. न खाता मैदानावर आलेला मुलगा लवकर कुडकुडतो, तो यामुळेच.

"जरा पळ" हा बाबांचा सल्ला अर्धाच खरा आहे. पळताना स्नायू उष्णता निर्माण करतात हे खरे. पण खेळ संपून मुले रांगेत बसली, की घामाने भिजलेला शर्ट वाळू लागतो. एक ग्रॅम घामाची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. शंभर ग्रॅम घामाला ५८,००० कॅलरी! ही सगळी अंगातूनच गेली आणि शरीराने नवी उष्णता निर्माण केलीच नाही, तर मुलाचे तापमान अडीच अंशांहून अधिक उतरेल, बाबांचे जेमतेम एक अंश. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून येते आणि भट्टीही चालू असते, म्हणून एवढी घसरण होत नाही. तरी खेळ संपताच कोरडा सदरा घालणे हे स्वेटरपेक्षाही आधी करण्याचे काम आहे.

आणि बसायचे कोठे? आपला जिल्हा समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर आहे. जालना शहर सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात हवा कोरडी, आकाश निरभ्र. त्यामुळे रात्रभर जमीन आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे सोडत राहते आणि पहाटे वरच्या हवेहूनही थंड होते. बाबा बूट घालून उभे, मुलगा मात्र त्या जमिनीवर मांडी घालून! खाली गोणपाट किंवा वर्तमानपत्राच्या चार-सहा घड्या टाकल्या, तर मध्ये कोंडलेली हवा वहन बरेच रोखते. वाकळ ऊबदार असते तीही अशीच. जुन्या लुगड्यांच्या थरांत हवा अडकलेली असते. वाकळ ऊब देत नाही, आपली ऊब जाऊ देत नाही.

कुडकुडणे ही नाटके नव्हेत. स्नायू आपोआप थरथरून उष्णता निर्माण करतात. उलट, गारठलेल्या मुलाचे कुडकुडणे थांबले, तो सुस्तावला, अडखळत बोलू लागला, तर ते धोक्याचे लक्षण आहे. आपल्याकडे अशी वेळ क्वचित येते. पण ओले कपडे आणि वारा एकत्र आले, तर येऊ शकते. मग त्याला आडोशाला नेऊन ओले कपडे काढावे, कोरड्यात गुंडाळावे आणि ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे. तो पूर्ण शुद्धीवर असेल तरच गरम गोड दूध द्यावे.

आता घरी करून पाहा. स्टीलचा एक तांब्या आणि दोन सारखी फुलपात्रे घ्या. तिन्हींत सारखेच गरम पाणी भरा (मोठ्यांच्या मदतीने), झाकणे ठेवा. एका फुलपात्राला ओले फडके गुंडाळा. शाळेतला तापमापक आणून दर पाच मिनिटांनी तिन्हींचे तापमान टिपा आणि एकाच आलेख-कागदावर तीन वक्र काढा. बाबांचा वक्र कोणता, मुलाचा कोणता आणि घामेजलेल्या मुलाचा कोणता, हे ओळखायला नावे लिहावी लागणार नाहीत.