व्यक्तिचित्रातील ‘मी’ आणि ‘आम्ही’ : शीबा छाछी यांच्या चित्रमालिकेच्या निमित्ताने

‘व्यक्तिचित्र’ ही संज्ञा मराठी समीक्षेत आपण ललित गद्याच्या एका प्रकारासाठी वापरतो. या प्रकारात लेखकाला एक सोय आपसूक लाभते : ज्याचे चित्र रेखाटले जाते, त्याने त्या चित्राला उत्तर द्यावे अशी अपेक्षा नसते. स्त्रीच्या सामर्थ्याचा गौरव करणाऱ्या छायाचित्रांचा विचार करू लागलो की नेमकी हीच सोय अडचणीची ठरते. जिचा गौरव होतो तिला आपल्या प्रतिमेविषयी काही म्हणावयाचे असल्यास तिने ते कोठे म्हणावे? शीबा छाछी यांच्या ‘सेव्हन लाइव्हज अँड अ ड्रीम’ या कृष्णधवल चित्रमालिकेच्या (१९८०-९१) आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

या प्रश्नाला जुनी पार्श्वभूमी आहे. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या शासकीय प्रकल्पात माणसे येतात ती प्रामुख्याने जातीचा वा जमातीचा नमुना म्हणून. चित्राखाली समूहाचे नाव असते. व्यक्तीचे नाव असणे हा अपवाद. छाछींच्या मालिकेत मात्र चित्रांची शीर्षके स्त्रियांच्या नावांनीच सुरू होतात : सत्यरानी, शाहजहाँ आपा, देवीकृपा, शांती. त्यापुढे स्थळ आणि वर्ष. नमुन्याकडून नावाकडे झालेला हा प्रवास वरवर पाहता किरकोळ वाटेल. पण नाव आले की त्या व्यक्तीचा चित्रावरचा हक्कही मागोमाग येतो.

मालिकेचा आरंभ दिल्लीतील हुंडाविरोधी आंदोलनात आहे. १९७९-८० च्या सुमारास हुंडाबळींच्या प्रश्नावर मोर्चे, धरणी आणि पथनाट्ये यांतून स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले, १९८६ मध्ये हुंडाबळीचा स्वतंत्र गुन्हा मानणारे ३०४-ब आले. त्यांमागे या आंदोलनाचा रेटा होता. छाछी या आंदोलनात स्वतः सहभागी होत्या. त्यांचा कॅमेरा मोर्चाच्या कडेला उभा राहिलेला नाही, तो मोर्चातून चालतो आहे. तरीही पुढे त्यांना आपलीच ही चित्रे अपुरी वाटू लागली, आणि आपल्या दृष्टीने मालिकेचे मर्म येथे आहे. मोर्चातील चित्राची एक ठरीव भाषा तयार होत जाते : उगारलेली मूठ, घोषणा देणारे तोंड, मागे गर्दी. भित्तिपत्रकाला ती उपयुक्त असते, यात शंका नाही. परंतु तिच्या पुनरावृत्तीतून ‘लढाऊ स्त्री’ हाही एक नमुनाच होऊन बसतो. एका साच्यातून सुटका झाली, ती दुसऱ्या साच्यात जाण्यासाठी. (आपल्याकडील काही चळवळीच्या कथांतील नायिकांविषयी असेच म्हणता येईल, तो विषय वेगळा.)

१९९० च्या सुमारास छाछींनी चळवळीतीलच सात स्त्रियांबरोबर ‘घडवलेली’ व्यक्तिचित्रे तयार केली. स्थळ कोणते, बैठक कशी, भोवती कोणत्या वस्तू मांडावयाच्या, हे त्या त्या स्त्रीने छायाचित्रकाराशी विचारविनिमय करून ठरविले. उत्स्फूर्त क्षण हाच छायाचित्राचा प्राण, असे मानणाऱ्यांना हा प्रकार कृत्रिम वाटण्याचा संभव आहे. पण आत्मचरित्रही रचलेलेच असते. काय सांगावयाचे, काय गाळावयाचे, कोठून सुरुवात करावयाची, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावरच त्याचे मोल अवलंबून असते.

येथे बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनाचा निर्देश करावासा वाटतो. पतीपासून वर्षानुवर्षे लपवून लिहिलेल्या या लेखनाच्या शीर्षकात ‘माझं’ नाही, ‘आमुचं’ आहे. तेथे एका स्त्रीचे निवेदन संपूर्ण समाजाच्या जगण्यापर्यंत पसरत जाते. छाछींच्या मालिकेची दिशा उलट आहे : समूहातून ती एकेका स्त्रीकडे येते. मग गर्दी वगळल्यावर समाजही चित्रातून निसटतो काय? प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. शाहजहाँ आपांचे चित्र नांगलोईतले आहे, शांतीचे दक्षिणपुरीतले, देवीकृपाचे सीमापुरीतले. स्थळनिवडीतूनच वस्ती चित्रात परत येते. ती पार्श्वभूमी म्हणून आलेली नाही, निवेदनाचा भाग म्हणून आली आहे.

या पद्धतीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. कळ दाबणारा हात छायाचित्रकाराचाच राहतो, आणि कोणते चित्र प्रदर्शनात लागावयाचे याचा अखेरचा निर्णयही बहुधा तिच्याच कक्षेत असतो. शब्दांकित आत्मकथनांत शब्द कोणाचे, हा जो प्रश्न आपण विचारतो, तो येथेही सुटत नाही. फरक इतकाच की छाछींनी तो झाकून ठेवलेला नाही. आंदोलनातील चित्र आणि घडवलेले चित्र ही दोन्ही एकाच मालिकेत असल्यामुळे पाहणाऱ्याला तुलना करणे भागच पडते.

सत्यरानी चढ्ढा यांच्या बाबतीत ही तुलना सर्वांत अस्वस्थ करते. त्यांच्या मुलीचा १९७९ मध्ये हुंड्यापायी बळी गेला. शाहजहाँ आपांनीही अशीच मुलगी गमावली होती. १९८७ मध्ये ‘शक्ति शालिनी’ हे पीडित स्त्रियांसाठी आसरा देणारे केंद्र उभे राहिले, त्यामागे या दोघी होत्या. सत्यरानींचे पहिले चित्र १९८० च्या निदर्शनातले, दुसरे १९९० चे, सर्वोच्च न्यायालयाच्या परिसरातले. पहिल्या चित्रातील आवेश दुसऱ्यात शोधू गेल्यास तो सापडत नाही. मध्ये दहा वर्षे गेली आहेत, कायदे बदलले आहेत, आणि मुलीचा खटला संपलेला नाही. न्यायालयीन लढा त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ चालविला. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. दुसऱ्या चित्राला विजयाचे चित्र म्हणणे म्हणूनच चुकीचे होईल. त्यात आहे ती वाट पाहणारी स्त्री, आणि वाट पाहण्याची जागा तिनेच ठरविलेली आहे.